राहून तर बघू, ठरवायचं नंतर

…आणि वर मलाच विचारतात, "काय मग हरेशभाऊ, रमलात का नाशकात?" अरे, रमायला मी काय बालवाडीत नवीन घातलेलं पोर आहे? अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मी, मोखाड्याच्या पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक, उजवा गुडघा जिना बघितला की आधीच दुखायला लागतो… बरं, तुम्ही कुठं चाललात? त्र्यंबकला? एकटेच? दर्शनाला का कुणाकडं? नाही नाही, राग मानू नका, विचारलं आपलं. या विचारण्यावरूनच सगळं रामायण झालंय, तेच तर सांगतोय. त्र्यंबक यायला अजून अख्खा घाट आहे. खिडकी तेवढी दाबून धरा, ती वळणावर आपोआप उघडते. आणि ऐका.

तुम्हाला सांगतो, आपल्या मोखाडा-जव्हारकडं नोकरी लागली की आधी मोटारसायकल, मग लग्न, मग नाशकात फ्लॅट. हा क्रमच आहे. एखाद्याचं मधलं लग्न राहून जातं, फ्लॅट राहत नाही. मी मूळचा पोशेऱ्याचा, नोकरीला मोखाड्यात, आणि मी या क्रमातून बावीस वर्षं निसटलो होतो. का निसटलो? तर माझं म्हणणं, ऑफिस चालत पाच मिनिटांवर, गाव हाकेच्या अंतरावर, मग नाशकात जाऊन काय करायचं? पण आमच्या मिसेस, ममता, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेत सहा मॅडम. त्यातल्या पाच नाशकात राहतात, एकाच गाडीनं रोज येतात-जातात. एक दिवस ही मला म्हणाली, "त्या पाच जणी गाडीतून विषय बोलत बोलत उतरतात हो. मला अर्धाच ऐकू येतो. तासभर विचार करत बसते की त्या सुनेनं शेवटी केलं काय." आता यावर नवऱ्यानं काय बोलायचं, सांगा.

मे महिन्यात तिच्या शाळेचे मंगेश सर सासुरवाडीला निघाले आणि जाताना नाशकातल्या फ्लॅटची किल्ली हिच्या हातात देऊन गेले. "पंधरा दिवस राहून बघा मॅडम, सरांनाही आवडेल." सर म्हणजे मी. ही घरी आली, किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाली, "राहून तर बघू. ठरवायचं नंतर."

तुम्हाला सांगतो, ज्याला खरंच ठरवायचं असतं ना, तो कधी 'ठरवायचं नंतर' म्हणत नाही. ज्याचं ठरलेलं असतं, तोच म्हणतो. मी एवढा ऑफिसातला मुरलेला माणूस, साहेब 'बघू' म्हणाले की फाईल कुठल्या कपाटात जाणार हे मला कळतं, पण बायकोच्या 'बघू'ला फसलो. वर अट काय, तर दोघांनी हो म्हटलं तरच जायचं, एकानं नाही म्हटलं की विषय संपला. मला वाटलं, चला, निम्मी सत्ता तरी आपल्या हातात आहे. मी रजा टाकली. आणि निघताना बघतो तर सामानात पाटा-वरवंटा! पंधरा दिवसांसाठी पाटा-वरवंटा कोण नेतं हो? विचारलं तर म्हणते, "मिक्सरची चटणी तुम्हाला चालत नाही ना." म्हणजे पाटाही माझ्याच खात्यावर. आणि तो तीन मजले चढवला कुणी? या गुडघ्यानं.

वर पोचलो. फ्लॅट चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण दार! ते दार आपणहून बंद होतं. आपल्याकडं दार म्हणजे काय, सकाळी उघडायचं आणि निजताना लोटायचं. मधे कोंबडी येईल, शेजारची गौरावहिनी येईल, कुणाला चार मिरच्या पाहिजेत, कुणाचा अर्ज लिहून पाहिजे. इथं मी जिन्यात कोण चाललंय बघायला म्हणून बनियनवर एक पाऊल बाहेर टाकलं आणि मागं खट्. ममता खाली भाजीला गेलेली, किल्ली आत, फोन आत, मी बाहेर. वीस मिनिटं उभा. आता माणूस वीस मिनिटं जिन्यात उभा आहे, समोरून लोक जातायत-येतायत, तर तो गप्प राहील का? मी आपलं विचारलं. "काय, कुठं निघालात?" "पिशवी मोठी दिसतेय, मुलीकडं का?" "आज उशीर झाला, बरं नाही का?" आपल्याकडं समोरून आलेल्या माणसाला 'कुठं चाललास' विचारलं नाही तर तो घरी जाऊन सांगतो, हरेशला नोकरीची मस्ती आली. खरं उत्तर कुणी मागतं का? तो म्हणतो 'हा काय, इथंच', आपण म्हणतो 'बरं बरं', झालं. पण इथं? एक बाई उलट पावली वर गेल्या. एक गृहस्थ नुसते बघतच राहिले, आणि त्यांची नजर माझ्या बनियनवरून हलेना.

पण खरी गंमत तिसऱ्या दिवशी. सकाळी सहाला दूध आणायला मोटारसायकल काढली. समोरच्या मैदानाच्या कडेनं एक वयस्कर गृहस्थ चाललेत, पायात पांढरेशुभ्र बूट, घामानं भिजलेले, हात असे पुढं-मागं, पुढं-मागं. आता आपल्याकडं माणूस सकाळी सहाला असा भराभरा चालला असेल, तर एकतर घरात कुणाला साप चावलाय, नाहीतर जीप सुटायच्या बेतात आहे. मी गाडी थांबवली. "काका, बसा. कुठं जायचंय?" ते म्हणाले, "कुठंच नाही." मी म्हटलं, "कुठंच नाही तर एवढी घाई कसली?" ते पुढं निघून गेले. मी दूध घेतलं, परत आलो, तर गृहस्थ तिथंच! जिथून निघाले तिथंच परत! मी बाजूला उभा राहून बघितलं, आणखी एक फेरी. मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा माणूस, रस्ता चुकलाय बिचारा, आणि सांगायची लाज वाटतेय. मी उतरलो, त्यांचा हात धरला, म्हटलं, "काका, घाबरू नका. घर कुठं आहे आठवतं का? मुलाचा नंबर आहे जवळ?"

त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही ज्या सोसायटीत उतरलाय ना, तिचा चेअरमन आहे मी."

डॉक्टरांनी रोज पाच किलोमीटर सांगितलेले. चाला, पण कुठं जाऊ नका, असं. तुम्हीच सांगा, आमच्याकडं पाच किलोमीटर चाललं की माणूस दुसऱ्या गावाला पोचतो, चहा पिऊन येतो, एखादी सोयरीक जमवून येतो. हे पाच किलोमीटर चालून परत स्वतःच्याच फाटकात! मी मान खाली घालून घरी आलो. ममताला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं. हे लोकच म्हणतील, हा माणूस नको. मला नाही म्हणायचीसुद्धा गरज नाही.

चौथ्या दिवशी मी दुधाला निघालो, तर चेअरमनसाहेब फाटकाच्या आड उभे. इकडं-तिकडं बघितलं आणि सरळ माझ्या गाडीवर मागं बसले. "चला." मी म्हटलं, "कुठं?" तर त्यांचा चेहरा असा खुलला… म्हणाले, "फेऱ्या मारायला लागल्याला अकरा वर्षं झाली, तुमच्याखेरीज मला कुणी 'कुठं' म्हणून विचारलेलं नाही. मिसळ खायला चला." आता त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि घरी गेल्यावर त्यांच्या मिसेस ते घड्याळ तपासणार. मग हा माणूस गाडीवर मागं बसून अख्खा रस्ताभर हात हलवतोय, पुढं-मागं, पुढं-मागं, म्हणजे घड्याळाला वाटावं साहेब चालतायत. मागून येणाऱ्या गाड्यांना वाटतंय आम्ही वळतोय. दर दहा पावलांवर कुणीतरी हॉर्न वाजवतंय. मिसळ मात्र चांगली होती. तर्री अशी, की गुडघ्याचं दुखणं विसरलो. मग हे रोजच सुरू झालं. चेअरमनांची साखर वाढली का कमी झाली, देव जाणे, पावलं मात्र आठ हजार भरायला लागली.

इकडं सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली. 'तिसऱ्या मजल्यावरील पाहुणे जिन्यात उभे राहून रहिवाशांची व्यक्तिगत चौकशी करतात.' ममताचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र, तुम्हाला सांगतो, अंघोळ केल्यासारखं हलकं वाटलं. शनिवारी पार्किंगमध्ये मीटिंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, मी एका बाजूला आरोपीसारखा. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले, "हे मला विचारतात, आज उशीर का, बरं नाही का. यांना काय करायचंय?" आता त्या दिवशी त्यांना खरोखर बरं नव्हतं हो, डोळे लाल होते, पण मी कशाला बोलू? मला तर हेच पाहिजे होतं. बोला अजून. काढा बाहेर.

आणि चेअरमन उठले. मी जरा धसकलो. म्हणाले, "गेटवर माणूस नाही याला दोन महिने झाले. कोण येतं, कोण जातं, कुणालाच पत्ता नाही. आणि एक माणूस आपण होऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतोय, तर तुम्ही त्याची तक्रार करता? मी यांना सुरक्षा समितीवर घ्यावं असं सुचवतो." टाळ्या! ज्यांनी तक्रार केली त्यांनीही वाजवल्या. मी उभा राहिलो, म्हटलं, "अहो, मी पंधरा दिवसांसाठी आलोय, राहायचं अजून ठरलेलं नाही." तर चेअरमन म्हणतात कसे, "ते ठरवा हो नंतर." म्हणजे हे वाक्य नाशकात पाण्यातूनच येतं की काय! दुसऱ्या दिवशी माझ्या हातात वही. कॉलम पाडलेले. नाव. कुठून आलात. कुणाकडं चाललात. तोच प्रश्न हो! तोंडानं विचारला तर चोंबडेपणा, वहीत लिहून घेतला तर सुरक्षा. आणि लोक उभे राहून नीट उत्तरं देतात. एक बाई तर मला स्वतःहून सांगून गेल्या की मुलीकडं चालल्यायत आणि जावयाशी पटत नाही.

आता माझ्याकडं एकच पान उरलं होतं. हुकमाचं. आमचे वडील, देवजी, पंचाहत्तर वर्षांचे, पोशेऱ्याला धाकट्या भावाकडं, माघ्याकडं असतात. मी मनाशी म्हटलं, बाप काही पोराला नाशकाला जा म्हणायचा नाही. आणि सासऱ्याच्या शब्दापुढं ममता जात नाही, हे मला ठाऊक. पुढच्या रविवारी दोघं गेलो. बाबा पडवीत दोर वळत बसलेले. मी विषय काढला, "बाबा, ममताचं म्हणणं आहे, नाशकात राहायला जावं. मग तुमचं काय?" आणि तिची पाठ होती म्हणून डोळ्यांनी खूण केली, नाही म्हणा, नाही म्हणा.

बाबा म्हणाले, "डोल्यात काय गेला काय तुझ्या?"

मी म्हटलं, काही नाही. तुमचं काय मत आहे?

"जाय ना मग. कोन धरून ठेवलाय तुला?"

मी म्हटलं, "अहो, पण तुमच्याकडं बघायला कोण?"

"तू बघतस काय माझ्याकडं? माघ्या बघतं. तू रविवारी येतस, भाकर खातस, निजतस, जातस. नाशिकहून बी रविवारलाच येशील. भाकर तीच ऱ्हाईल."

मी शेवटचा धागा धरला. म्हटलं, आता राब भाजायचे दिवस, पावसाआधी रोपांची जमीन भाजून घ्यायची, घरात दोन हात जास्त असलेले बरे. तर बाबा हसले. "मागल्या साली राबाचा धूर लागला तर तू खोकत बसलास. माघ्या राब सोडून तुला पानी देया धावला. आमचा एक हात उलटा कमी झाला." ममता पदर तोंडाला लावून हसतेय. मग बाबा दोर तसाच गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "हरेश, तू मोखाड्याला नोकरीला लागलास ना, तवाच तू गेलास. माझा काय वाईट वाटायचा, ता तवाच वाटून झाला. आता परत परत काय वाटायचा?"

तुम्हाला सांगतो, मला फार वाईट वाटलं. हसण्यावारी नेलं तिथं, पण वाटलं. बावीस वर्षं मी समजत होतो की मी राहतो पोशेऱ्यालाच, मोखाड्यात फक्त नोकरीला असतो. आणि यांच्या लेखी मी कधीच जाऊन बसलेलो. दुपारी पडायला म्हणून आतल्या खोलीत गेलो, तर माझ्या खाटेवर नागलीची, म्हणजे नाचणीची, पोती. माघ्या म्हणाला, "दादा, काढू काय?" मी म्हटलं, राहू दे, ओल लागेल. आणि खाली घोंगडी टाकून झोपलो.

परत आलो ते ठरवूनच. कुणी अडवत नाही तर नाही, मी स्वतः नाही म्हणणार. निम्मी सत्ता आहे ना? पंधरावा दिवस. वाक्य पाठ केलं, जिन्यात तीनदा म्हणून बघितलं, "ममता, माझं इथं मन लागत नाही." आत गेलो. ती स्वयंपाकघरात, नळ सोडलेला आणि नळाखाली हात धरून नुसती उभी. खाली भांडं नाही, काही नाही. मला बघून म्हणाली, "बघा ना, येतंच आहे."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. पंचायत समितीत माझं टेबल कुठलं माहितीय? पाणीटंचाईचं. कुठल्या पाड्यावर टँकर, कुठली विहीर आटली, सगळे प्रस्ताव माझ्या हातून जातात. बावीस उन्हाळे मी तालुक्याची तहान कागदावर मांडली. आणि बावीस उन्हाळे ही बाई पहाटे हंडे भरायची, मग पोरीची वेणी घालायची, मग शाळेत जाऊन पोरांना पाढे शिकवायची. माझ्या घरात टंचाई आहे, हे मला एकाही फाईलमध्ये दिसलं नाही. आता अशा माणसानं त्या नळाशेजारी उभं राहून 'माझं मन लागत नाही' म्हणायचं? कुठल्या तोंडानं?

मी म्हटलं, "नळ बंद कर, टाकी रिकामी होईल."

ती म्हणाली, "मग? काय ठरलं तुमचं?"

मी म्हटलं, "राहून तर बघू. ठरवायचं नंतर."

मीच म्हटलं हो! माझ्याच तोंडून! तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि दुसऱ्या दिवशी पडदे आणले. मंगेश सर सासुरवाडीहून परत आले, तोवर चेअरमनांनी आम्हाला त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं घर मिळवून दिलं होतं. त्या लाल डोळेवाल्यांच्या शेजारीच. आता ते रोज मला विचारतात, "काय, उशीर झाला, बरं नाही का?" पाटा-वरवंटा मीच खाली आणला. आमची हर्षाली नाशकातच नर्सिंगला आहे, ती हॉस्टेल सोडून घरी आली, ती खूश. शाळा सुरू झाली तशी ममता त्या गाडीत सहावी. परवा म्हणाली, त्या सुनेचं सगळं पहिल्यापासून कळलं, चूक सासूचीच होती. गाडीत मला जागा नाही, म्हणून मी एसटीनं. सकाळी तिकडून इकडं, संध्याकाळी इकडून तिकडं. ऑफिसात म्हणतात, "नाशिकवाले आले, चिवडा आणला का?" बिल्डिंगमध्ये म्हणतात, "मोखाडावाले आले, नागली आणली का?" ही पिशवी बघितलीत? नागलीच आहे. इकडं नाशिकवाला, तिकडं मोखाडावाला, मधे घाटात काय तो मी हरेश. आणि घाटात बोलायला कुणी असलं तर असलं, नाहीतर सगळे झोपलेले असतात.

गेल्या सोमवारी पास काढायला गेलो. खिडकीतल्या ताईंनी विचारलं, "कुठून कुठं?" मी म्हटलं, मोखाडा-नाशिक. "म्हणजे राहायला मोखाड्याला का?" आता मी काय सांगू? म्हटलं, "ताई, ते अजून ठरायचंय. मूळ गाव पोशेरा, नोकरी मोखाड्याला, तूर्त राहतो नाशकात, पण ते नुसतं बघायला म्हणून…" मागं रांग वाढलेली. त्यांनी माझा फोटो चिकटवला, शिक्का मारला, पास माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, पास दोन्हीकडून चालतो. कुठूनही बसा, कुठंही उतरा. कोण विचारतंय?"

कोण विचारतंय. बघा.

हं, आलं तुमचं त्र्यंबक. सावकाश उतरा, पायरी उंच आहे. पिशवी राहील तुमची, ही घ्या. मी कुठं उतरणार? मी बसतो हो… माझा पास आहे.